क्रूड मायनसमध्ये गेलं ती रात्र

मी एका ब्रोकरकडे रिस्क विभागात आहे, कमोडिटीचं बघते. 20 एप्रिल 2020 ला क्रूडच्या, म्हणजे कच्च्या तेलाच्या, एप्रिल वायद्याची (पुढच्या तारखेच्या सौद्याची) एक्सपायरी म्हणजे शेवटचा दिवस होता, आणि लॉकडाऊनमुळे आपला कमोडिटी बाजार, एमसीएक्स, रात्रीऐवजी संध्याकाळी 5 लाच बंद व्हायचा. शेवटचा भाव 965 रुपये बॅरल. एवढं स्वस्त परत कुठे मिळणार म्हणून बरेच जण घेऊन बसलेले.

आपल्याकडे या वायद्यात तेल कुणी उचलत नाही हो, एक्सपायरीला न्यूयॉर्कच्या नायमेक्स बाजाराचा सेटलमेंट भाव (हिशोबासाठी ठरलेला भाव) गुणिले डॉलरचा रेट, झाला हिशोब. आणि तो भाव ठरतो तिकडच्या दुपारी अडीचला, म्हणजे आपले रात्रीचे 12. म्हणजे 5 ते 12 भाव तिकडे पळणार आणि आमच्या क्लायंटला सौदा कापायची, म्हणजे विकून बाहेर पडायची, सोयच नाही, फक्त बघत बसायचं.

रात्री एका काकांचा फोन, आवाज कापत होता. "मॅडम, एक लॉट आहे, शंभर बॅरल, लय झालं तर शहाण्णव हजार जातील ना? भाव शून्याखाली थोडीच जातोय?" मी काही बोलायच्या आत स्क्रीनवर मायनस दिसायला लागलं. ओक्लाहोमातल्या कुशिंगला, जिथे तिकडच्या वायद्याचं तेल खरंच उचलावं लागतं, टाक्या भरलेल्या नाहीतर आधीच बुक, तिकडच्या मे वायदावाल्यांना (आपल्या एप्रिल वायद्याचा हिशोब याच्याच भावाने) डिलिव्हरी घेऊन तेल ठेवायला जागा नाही, मग पैसे देऊन गळ्यातलं काढत होते. सेटल झालं उणे 37.63 डॉलरला. आपल्याकडे आधी तात्पुरता 1 रुपया धरला आणि नंतर फायनल आला उणे 2,884. काकांचे एका लॉटमागे 965 च्या भावाने धरले तरी 3,84,900 गेले.

मला राग याचाच येतो की भाव तिकडचा घ्यायचा तर बाजारपण तिकडच्या वेळेपर्यंत चालू पाहिजे ना. इथल्या सौद्यांनी न्यूयॉर्कचा भाव तसूभर हलत नाही, तिकडच्या भावाने मात्र इथली घरं हलतात. त्याच आठवड्यात वेळ परत रात्रीपर्यंत केली, पण काकांना त्याचा काय उपयोग!

दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोनवर एकच, "आता पेट्रोल स्वस्त होणार ना?" अहो, आपल्या रिफायनऱ्या जे घेतात ते ओमान, दुबई, ब्रेंट या दुसऱ्या तेलांच्या भावाने, ते मायनस झालंच नव्हतं, त्या महिन्यात सरासरी 20 डॉलरच्या आसपास होतं. तेही स्वस्तच, पण पंपावर दर मार्चपासून गोठवलेले, आणि मे मध्ये केंद्राने पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये ड्युटी वाढवली, म्हणजे ती स्वस्ताई आपल्या टाकीपर्यंत आलीच नाही.