चिकनच्या ओळीत काय लिहायचं?

मी आयुष्यात चिकन खाल्लेलं नाही. तरी एका डेंटल कॉलेजच्या ओपीडीत बसून, चिकन चावताना मला किती त्रास होतो, या प्रश्नावर मी वीस मिनिटं घातली.

दुखणं असं: घास चावताना उजव्या कानासमोर कट्ट आवाज, सकाळी जबडा आखडलेला, आणि ज्वारीची भाकरी खायची तर दुधात कुस्करून. केस पेपर, एक्स-रे वगैरे अकरापर्यंत उरकलं. पीजी करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी गाल आणि कानशिलं दाबून पाहिली, पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजलं. 33 मिलिमीटर. चाळिसाच्या आसपास तरी हवं म्हणाल्या. मग हातात फॉर्म दिला.

त्यावर चावणं, जांभई देणं, हसणं, गिळणं असे वीस प्रश्न. गेल्या महिनाभरात किती अडलं, त्याप्रमाणे 0 ते 10 मधल्या आकड्याला गोल करायचा. पहिले सहा प्रश्न चावण्याखाण्याचे, आणि त्यांत कडक ब्रेड, चिकन, क्रॅकर्स, मॅकरोनी. शेजारच्या आजोबांना त्यांचा नातू फॉर्म वाचून दाखवत होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, फटाके कशाला चावायचे?" भाकरी कुठेच नाही. पेरू नाही, ऊस नाही, चकली नाही. आमच्याकडे ब्रेड चहात बुडवतात, तो कडक राहतोय कुठे!

"मॅडम, मी शाकाहारी आहे. चिकनपुढे काय लिहू?"

"शून्य लिहा ना काकू."

शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. मग मी आले कशाला?

"बरं, मग दहा लिहा."

दहा म्हणजे जमतच नाही म्हणून सोडून दिलं. "अहो, सोडलं नाही, कधी धरलंच नव्हतं."

"रिकामं नका ठेवू हं. एंट्री करताना अडतं."

आता गंमत बघा. या उत्तरांची सरासरी काढतात. सहांतला एक आकडा माझ्या मनाचा टाकला, तर चावण्याचा निकाल तेवढा हलणारच. मागे रांग खोळंबलेली. शेवटी मी 5 ला गोल केला. अंदाजपंचे मार्क देणाऱ्यांना शाळेत तीस वर्षं नावं ठेवली, आणि स्वतः तेच केलं.

फॉर्मचा फोटो मात्र काढून आणला होता. रात्री चष्मा लावून मोठा करून वाचला, तर वरच्या बारीक सूचनेत लिहिलेलं: फार अवघड जातं म्हणून एखादी गोष्ट पूर्ण टाळत असाल तर 10, दुखणं किंवा अडचण सोडून दुसऱ्या कारणाने टाळत असाल तर जागा रिकामी सोडा. डोक्याला हात लावला! तेव्हा चष्मा न्याच. आणि सूचना आधी वाचा, कोणी कितीही घाई केली तरी.

च्युइंगमची तपासणी सांगायची राहिली. दोन रंगांचं गम वीस वेळा चावायचं, मग ते पिशवीत घालून चपटं करतात आणि रंग किती मिसळले ते बघतात. माझे रंग छान मिसळले. "काकू, चावणं तसं चांगलं आहे." अहो, मऊ गम वीसदा चावणं वेगळं आणि अर्धी भाकरी संपवणं वेगळं. पण त्यांनी पुढे सांगितलेलं पटलं. गमवरून घास तोंडात किती मिसळतो ते कळतं, त्रास कळतो तो फॉर्मवरून, आणि दोन्ही नेहमी जुळतातच असं नाही. म्हणूनच तो फॉर्म नीट भरायला हवा होता ना!

कवळी असेल तर गमच्या आधीच सांगा. आणि त्या रात्रीसाठी मऊ खिचडीची सोय ठेवा, दाबादाबीने माझा गाल संध्याकाळपर्यंत ठणकत होता.

रात्री लावायला स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारं कव्हर, मिळाली. सहा आठवड्यांनी पट्टी 38 वर आली आणि पुन्हा तोच फॉर्म. या वेळी चिकनपुढे काही लिहिलं नाही.

"काकू, एक राहिलं."

मी त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. मॅडमनी ती दोनदा वाचली आणि कॉम्प्युटरकडे वळल्या. एंट्री अजिबात अडली नाही.