मोटर, लाईट अन् दोन तास

बुधवार, अंबाजोगाई तालुका. मुक्काम शेतावर.

सकाळी अण्णांचा फोन. "अरं, लाईट आली की मोटर चालू होती अन् पाच मिनिटांत बंद पडायली. तुझ्या डब्यापरीस गडी बरा." गडी विसरतो, डबा विसरत नाही, असं दिवाळीत मीच फुशारकीनं बोललो होतो. निमूट एसटी धरली.

डबा म्हणजे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक-बोर्ड, मोटर चालू-बंद करणारी एक विजेची कळ (रिले) अन् पायथन भाषेतल्या प्रोग्रामच्या शंभरेक ओळी. हरभऱ्याला दोन तास पाणी, मग मोटर बंद. प्रोग्रामचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा भाग, 'पोल'वर, म्हणजे वाट बघायच्या हुकमावर, झोपतो. विहिरीतल्या सेन्सरनं आकडा पाठवला की उठतो, नाहीतर मुदत भरली की उठतो. पोलला मिलिसेकंद सांगायचे. शून्य दिलं तर झोपच नाही, उणे एक दिलं तर काही घडेपर्यंत उठायचं नाव नाही. दिवाळीत मी दर वेळी नव्यानं पूर्ण दोन तास देत होतो. सेन्सर दर सेकंदाला उठवायचा, दोन तास पुन्हा पहिल्यापासून, अन् मोटर सकाळपर्यंत चालू. तेव्हापासून मुदत एकदाच ठरवतो आणि झोपताना उरलेला वेळ तेवढा काढतो.

मग आता काय बिघडलं? लॉग, म्हणजे डब्याची नोंदवही, उघडला: मोटर चालू १८:१७, बंद ००:२१. म्हणजे सहा तास चालली! अण्णा हसले. "सहा तास चालली असती तर हरभरा वाहून गेला असता की."

तिथं टाळकं ठिकाणावर आलं. या बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वेळ दर तासाला फाईलीत लिहून ठेवली जाते, बोर्ड उठला की तिथूनच पुढं. संध्याकाळी लाईट गेली ती मध्यरात्री आली. बोर्डाच्या लेखी अजून सव्वासहाच. मुदत पडली सव्वाआठची. चार मिनिटांनी राउटर जागा झाला, नेटवरून खरी वेळ आली, घड्याळानं सहा तासांची उडी घेतली. मुदत कधीच सरलेली!

दुरुस्ती एका शब्दाची. मुदतीला 'टाइम.टाइम' (बोर्डाच्या घड्याळात किती वाजले ते) याच्या जागी 'टाइम.मोनोटॉनिक'. ते घड्याळ किती वाजले ते सांगत नाही, पण कुणी वेळ बदलली तरी उडी मारत नाही. लॉगला मात्र जुनंच ठेवलं, अण्णांना 'किती वाजता' लागतं. जाता जाता आणखी एक: उरलेला वेळ पूर्णांक करताना मी खाली कापत होतो, त्यामुळं शेवटच्या मिलिसेकंदात पोलला शून्य जायचं आणि लूप नुसता गरगरायचा. मोटरला त्याचं काही नाही, पण डोळ्यांत खुपलं. आता वर धरतो.

बारा वाजून दहा मिनिटांनी लाईट आली. मोटर चालू असताना मी मुद्दाम हातानं वेळ सहा तास पुढं ढकलली. स्टार्टर हलला नाही. "बघा," म्हणालो.

अण्णांनी मनगटावरचं घड्याळ काढून स्टार्टरच्या पेटीवर ठेवलंय अन् घोंगडी पांघरून शेजारीच बसलेत. दोन तास ते स्वतः मोजणार आहेत.