दिसते तेवढेच, त्यापुढे नाही

निफाड तालुक्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे प्रकरण माझ्याकडे आले, तेव्हा ते चार-दोन फेऱ्यांत मिटेल अशी माझी समजूत होती. गुरुजींनी फेसबुकवर कांद्याच्या भावावरून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्याविषयी एक लांबलचक टीकालेख लिहिला होता. गावातल्याच एका तरुण कार्यकर्त्याने त्याविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला होता आणि बीट अंमलदाराने फोन करून ‘चौकशीकामी हजर राहा’ असे कळवले होते. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामे करणाऱ्या आम्हा वकिलांकडे असे अर्ज अधूनमधून येतातच. गुरुजींचे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने आमच्या बाजूने संपले, तरीही ते माझ्या मनातून जात नाही.

असल्या प्रकरणात लोकांना सहसा ठाऊक नसणारी गोष्ट आधी सांगते. नेत्याची बदनामी झाली म्हणून पोलीस कोणावरही थेट गुन्हा नोंदवू शकत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधील बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे आणि त्याची तक्रार ज्याची बदनामी झाली त्यानेच न्यायालयात करायची असते. केंद्रीय मंत्र्याच्या सरकारी कामकाजासंबंधी बदनामी झाली असेल, तर सरकारी अभियोक्त्याने सत्र न्यायालयात लेखी तक्रार करण्याची वेगळी सोय आहे. शेजारच्या गल्लीतल्या कार्यकर्त्याला यात कोठेच स्थान नाही. त्यामुळे अर्जदार आणि त्याला अर्ज लिहून देणारे लोक बदनामीचे कलम बाजूला ठेवतात आणि ३५३(२) किंवा १९६ यांसारखी दखलपात्र कलमे लावतात, म्हणजे अफवा पसरवली, समाजात तेढ निर्माण केली, असे म्हणतात. गुरुजींच्या विरुद्धच्या अर्जातही हीच दोन कलमे होती. कांद्याच्या भावावर लिहिणाऱ्या माणसाने कोणत्या दोन समाजांत तेढ निर्माण केली, याचा मात्र अर्जात अवाक्षरानेही उल्लेख नव्हता.

हे कोणा एका पक्षाचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असे फेसबुकवर विचारणारी एक मुलगी आणि ती पोस्ट लाइक करणारी तिची मैत्रीण, अशा पालघरच्या दोघींना अटक झाली होती. मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्याविषयीच्या एका ट्विटवरून आमच्याच नाशिक जिल्ह्यातील औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला अटक झाली आणि उच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत तो महिन्याहून अधिक काळ अडकून पडला. सत्तेवर कोणीही असो, कार्यकर्ता आणि ठाणे अंमलदार यांची जोडी ठरलेलीच असते.

गुरुजी माझ्या चेंबरमध्ये आले ते मजकुराची छापील प्रत घेऊनच. तो मजकूर मी दोनदा वाचला आणि खरे सांगायचे तर त्यातल्या शिस्तीने थक्क झाले. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली, ती ३१ मार्च २०२४ पर्यंतच राहील असे सांगितले गेले आणि मुदत संपण्याआधीच, मार्चमध्ये, ती पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. इकडे बंदी चालू असतानाच एप्रिलच्या अखेरीस गुजरातमधील २,००० टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी मिळाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्य गेले आणि शुल्क निम्म्यावर आले. ते पूर्ण रद्द व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडला. प्रत्येक तारखेपुढे गुरुजींनी स्वतःच्या कांदाचाळीतल्या उन्हाळ कांद्याला लासलगावच्या लिलावात मिळालेला भाव लिहिला होता आणि सोबत आडत्याच्या हिशोबपट्ट्या जोडल्या होत्या. १५ मे २०२४ रोजी पिंपळगाव बसवंतच्या प्रचारसभेत पंतप्रधान बोलत असताना एका तरुणाने ‘कांद्यावर बोला’ अशी हाक दिली होती, त्याचाही उल्लेख होता. यावरून गुरुजींनी निष्कर्ष काढला होता की हा नेता स्वतःच दिलेली मुदत पाळत नाही, खुल्या पत्रकार परिषदेत प्रश्नांना सामोरा जात नाही आणि म्हणून तो शब्दाचा कच्चा व अहंकारी आहे.

त्यांचे सगळेच मला पटले असे नाही. निर्यातबंदीमागे शहरातल्या ग्राहकाला कांदा आवाक्यात मिळावा हा हेतू होता आणि त्याचा लाभ नाशिक शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्यांनाही झाला, ही बाजू त्यांनी लिहिलीच नव्हती. परंतु टीका एकांगी असणे हा गुन्हा नाही.

अडचण शेवटच्या वाक्यात होती. ते नेत्याच्या घरगुती आयुष्याविषयी होते, कुठल्याशा फॉरवर्डमधून जसेच्या तसे उचललेले होते, आणि ते खरे असल्याचा कसलाही आधार गुरुजींपाशी नव्हता. ते वाक्य मी येथे लिहिणार नाही. तारखा लावून, पट्ट्या जोडून, इतक्या निगुतीने मांडणी करणाऱ्या माणसाने शेवटी असले काही चिकटवावे याचा मला मनस्वी राग आला आणि तो मी बोलूनही दाखवला. गुरुजी म्हणाले, “ताई, सगळेच लिहितात, म्हणून लिहिलं.”

मी त्यांना बदनामीच्या कलमाचा दुसरा अपवाद वाचून दाखवला. जुन्या दंडसंहितेच्या कलम ४९९ मधून तो नव्या कायद्यात जवळपास जसाच्या तसा आला आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामातील वर्तनाविषयी आणि त्या वर्तनातून त्याचे चारित्र्य जेवढे दिसते तेवढ्याविषयी, त्यापुढे नाही, सद्भावनेने मत व्यक्त करणे ही बदनामी होत नाही. वकिलीच्या इतक्या वर्षांत मला कायद्यातली फार थोडी वाक्ये इतकी नेमकी वाटली आहेत. नेत्याचे चारित्र्य हा विषय नागरिकाला वर्ज्य आहे असे कायदा म्हणत नाही. वर्तनाच्या वाटेने जा आणि ती वाट संपेल तेथे थांबा, एवढेच म्हणतो. गुरुजींचा ‘शब्दाचा कच्चा’ हा शेरा त्या वाटेवरचा होता, कारण त्याच्या आधी न पाळलेली मुदत तारखेसह लिहिलेली होती. शेवटचे वाक्य त्या वाटेवर नव्हते. गुरुजींनी ते ऐकून घेतले आणि ते एक वाक्य काढतो, त्याबद्दल लेखी दिलगिरीही देतो, असे लगेच कबूल केले. बाकीच्या मजकुरातला एकही शब्द हलवणार नाही, हेही त्याच दमात सांगितले.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा पहिली गोष्ट कळली ती अशी की गुरुजींचा मोबाइल आदल्याच दिवशी ‘तपासणीसाठी’ ठेवून घेतला गेला होता आणि तो एका टेबलाच्या खणात पडून होता. पंचनामा नाही, पावती नाही, ठाणे दैनंदिनीत नोंद आहे की नाही ते कोणी सांगेना. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आता बंधनकारक आहे. गुन्हाच नोंदलेला नसताना जप्ती कसली, हे विचारल्यावर हवालदारांनी खण उघडला आणि फोन माझ्यापुढे सरकवला. या प्रकाराची मला अजूनही चीड येते. कायदे बदलले, त्यांची प्रशिक्षणे झाली, भिंतीवर नव्या कलमांचे तक्ते लागले, आणि खण तसाच राहिला.

निरीक्षक मात्र समजूतदार होते. अर्जाला जोडलेला कागद त्यांनी दाखवला. तो केवळ शेवटच्या वाक्याचा स्क्रीनशॉट होता. वरचा सगळा मजकूर कापलेला, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र नाही, मग फाइल बदललेली नाही हे दाखवणारी हॅश व्हॅल्यू तर दूरच. मी पूर्ण मजकूर त्यांच्यापुढे ठेवला. सोबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे होते. पहिला मार्च २०२४ चा, कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून नोंदलेला गुन्हा रद्द करणारा. दुसरा २८ मार्च २०२५ चा, काँग्रेस नेते व कवी इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणातला. बोलण्या-लिहिण्यावरून तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करणे उचित, असे त्यात सांगितले आहे. शब्दांचा परिणाम जोखताना सारासार विचार करणाऱ्या, खंबीर मनाच्या माणसाचे माप लावावे, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाचे नव्हे, हेही त्यात आहे. हे माप मुळात आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी चाळीसच्या दशकात लावलेले आहे, हे मी निरीक्षकांना सांगितले. तसे सांगण्याची गरज नव्हती, पण मला ते सांगायला आवडते.

निरीक्षक पूर्ण मजकूर वाचत राहिले. मार्चमधल्या मुदतवाढीच्या ओळीवर थांबून त्यांनी “हे असंच झालं होतं,” एवढेच म्हटले. मग गुरुजींना कोरा कागद दिला. गुरुजींनी दिलगिरी लिहायला घेतली. आयुष्यभर फळ्यावर अक्षर गिरवून घेतलेला तो हात. शिरोरेघ ओळीच्या शेवटापर्यंत एका पातळीत. ‘माझ्या लेखातील शेवटचे वाक्य मी शहानिशा न करता लिहिले. ते चुकीचे आहे. ते मी काढून टाकत असून त्याबद्दल दिलगीर आहे.’ खाली सही, तारीख. मला वाटले, काम झाले.

अर्जदार तरुण शेजारच्या बाकावर होता, त्याच्यासोबत तालुक्याचे एक पदाधिकारी. तरुणाने कागद वाचला आणि निरीक्षकांकडे न देता टेबलावर ठेवून दिला.

“साहेब, हे वाक्य राहिलं तरी चालेल,” तो म्हणाला. “असलं रोजच येतं, लोक वाचतात आणि पुढं जातात. वरचा कांद्याचा मजकूर काढायला लावा.”

मी विचारले, “त्यात चुकीचे काय आहे?”

“चुकीचं नाही म्हणत मी, मॅडम. पण माणसं तारखा विचारायला लागलीत. आम्ही काय सांगायचं?”

तो स्वतः कांदा पिकवतो. डिसेंबर २०२३ मध्ये बंदीच्या बातमीनंतर लिलाव बंद पडले, तेव्हा त्याचाही ट्रॅक्टर बाजार समितीच्या फाटकाबाहेर उभा होता, असे गुरुजींनी मला परतीच्या वाटेवर सांगितले. ज्या वाक्यावर अर्ज उभा होता त्याच्याशी त्याला काहीच कर्तव्य नव्हते. मी त्या वेळी निरीक्षकांना एवढेच म्हटले की अर्जदाराने आत्ता स्वतःच्याच तोंडाने आपला अर्ज निकालात काढला आहे. पदाधिकारी चिडले, “संपूर्ण लेख मागे घेतला नाही तर वरून फोन येईल,” असे म्हणाले. वरून फोन आला की नाही मला ठाऊक नाही. चौकशी मुदतीत संपली आणि ‘दखलपात्र गुन्हा निष्पन्न होत नाही’ असा शेरा मारून अर्ज दप्तरी दाखल झाला, म्हणजे बंद झाला.

त्या तरुणाचे बोलणे मी आजही मनात घोळवते. नेत्याच्या खासगी आयुष्यावर चिखल उडवणारे लोक स्वतःला निर्भीड समजतात, पण त्या चिखलाचे सत्तेच्या माणसांना काहीच वाटत नाही. उलट तो त्यांच्या उपयोगी पडतो. स्क्रीनशॉट काढायला तेवढीच ओळ पुरते आणि बाकीचे सगळे कापून टाकता येते. बोचते ती तारीख. ज्या वर्तनाचा हिशेब मांडण्याची मुभा कायद्याने स्पष्ट शब्दांत दिली आहे, नेमके तेच नको असते.

आणि शेवटी तेच गेले. गुरुजींनी फेसबुकवर ते एक वाक्य काढून बाकीचा लेख ठेवला होता. त्यांचा मुलगा तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेत कंत्राटी नोकरीला आहे. त्याच्या कंत्राटाचे नूतनीकरण अडले. का अडले ते कोणी कागदावर लिहिले नाही, पण संचालक मंडळातल्या एका गृहस्थांनी मुलाला “वडिलांना समजावा” असे सांगितले. गुरुजींनी लेख पूर्ण काढला, गावाच्या गटातून बाहेर पडले, आणि मला फोन करून सांगितले, “ताई, तुम्ही जिंकून दिलंत, पण पोराचं घर आहे.” मी त्यांना लेख पुन्हा टाका असे म्हटले नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. माझे ज्येष्ठ सहकारी म्हणतात की अर्ज दप्तरी दाखल झाला, गुन्हा नाही, अटक नाही, यापेक्षा वकिलाने काय मिळवायचे असते. त्यांचे म्हणणे मला मान्य होत नाही. संचालकांच्या त्या दोन शब्दांविरुद्ध दाद मागायला माझ्यापाशी एकही कलम नाही, आणि ज्यांच्यापाशी आहे असे वाटते त्यांनी ते मला जरूर दाखवावे.

जे माझ्या हातात होते ते मी केले आहे. प्राथमिक चौकशीला उपअधीक्षकांची पूर्वपरवानगी घेतली होती का, आणि गुरुजींचा मोबाइल कोणत्या नोंदीखाली ठेवून घेतला होता, हे दोन प्रश्न मी माहितीच्या अधिकारात विचारले. तीस दिवसांनी उत्तर आले ते पहिल्या प्रश्नापुरतेच, तेही ‘अर्ज निकाली काढण्यात आला आहे’ असे. मोबाइलबद्दल त्यात एक शब्दही नाही. मी पहिले अपील दाखल केले आहे.