पिवळी भुकटी, चुन्याची डबी आणि आजीचं पोतं

सांगली-मिरजेत पेस्ट कंट्रोलची कामं करतो मी. बहुतेक फोन झुरळं, ढेकूण नाहीतर वाळवीचे, त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. पण मागच्या उन्हाळ्यातली विश्रामबागची केस सांगतो, कारण त्या घरात किड्यांपेक्षा भलतंच काहीतरी घडायचं राहिलं.

फोनवर काकू म्हणाल्या, बारके तांबडे किडे हायत, उडत्यात, संध्याकाळी ट्यूब लावली की सरळ ताटात पडत्यात, आणि पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न हाय ओ, पाव्हणे यायच्या आत काय ते करा. आधी एकजण येऊन गेला होता. त्यानं किचनमध्ये झुरळाचं जेल लावलं, मग बेडरूमच्या चौकटीपाशी पिवळट भुकटी दिसली म्हणून लाकडाला भुंगा लागलाय असं सांगून चौकटीला भोकं पाडून औषध सोडलं, पैसे घेतले आणि गेला. किडे होते तिथंच.

मी गेलो ते हात हलवत, पंप गाडीतच ठेवला. काकूंनी पहिलं विचारलं, "मशीन कुठाय?" हे नेहमीचंच. घरभर वास सुटल्याशिवाय लोकांना काम झाल्यासारखं वाटत नाही. पण किडा कुठला ते कळल्याशिवाय फवारणार काय? खिडकीतला एक जिवंत किडा प्लॅस्टिकच्या डबीत घेतला आणि भिंगाखाली धरला. दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी, पाठ कुबडासारखी वर आलेली आणि डोकं खाली दुमडलेलं, म्हणजे वरनं बघितलं तर डोकंच नाही असं वाटतं. काडीनं जरा हलवला तर पाय आत ओढून मेल्याचं नाटक करून पडला. पाठ गुळगुळीत, मिशा करवतीच्या दात्यासारख्या. म्हटलं हा सिगारेट बीटल. (याच्यासारखाच दिसणारा एक भाऊबंद आहे, त्याच्या पाठीवर उभ्या रेघा असतात, मिशांची टोकं जाड असतात. दोघांचा इलाज एकच, त्यामुळं गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, आपल्या समाधानासाठी बघायचं.)

नाव सिगारेटचं असलं तरी हा नुसता तंबाखूवर जगत नाही. धने, मिरची, सुंठ, हळद, मसाले, सुकलेली फुलं, काहीही चालतं. आणि खाणारी असते ती अळी. उडणारा मोठा किडा दोन-चार आठवडे जगतो, अंडी घालतो आणि मरतो. म्हणजे जेल कशाला खाईल तो? आणि खिडकीत मेलेले सापडतात म्हणून खिडकीत फवारायचं यालाही अर्थ नाही, तिथं ते उजेडाला येऊन मरतात, जन्मतात दुसरीकडंच.

किचनमधले डबे सगळे उघडून बघितले. धन्याच्या एका डब्यात थोडे सापडले, पण घरभर एवढी पलटण उडायला तेवढं धने पुरणार नाहीत. मग बेडरूम. तिथल्या कपाटाच्या डोक्यावर ती पिवळट भुकटी, पावडर सांडल्यासारखी, बोटावर घेतली तर लाकडाच्या भुश्याहून मऊ. मला वासावरनं अंदाज आला होता, पण आधीच्या माणसानं लाकूड सांगून ठेवलेलं, माझ्या नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार. हॉलमध्ये आजोबा तंबाखू मळत बसले होते. त्यांच्याकडं चुन्याची डबी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही पण खाता व्हय?" म्हटलं नाही ओ आजोबा, बघा तर. कागदावर भुकटी घेतली, वर चुन्याचं बोट आणि दोन थेंब पाणी टाकून कालवलं. लालभडक झालं. घरातली सगळी गप्प. कुंकू असंच होतं हे सांगायची गरजच पडली नाही, आतल्या खोलीतनं आजी आल्या आणि म्हणाल्या, "ती माझी हळद हाय. तिला हात लावायचा न्हाय."

कपाटाच्या बरोब्बर वर माळा. त्यावर राजापुरी हळकुंडांचं अख्खं पोतं, आजींच्या भावानं मळ्यातनं दिलेलं, नातीच्या हळदीसाठी म्हणून जपून ठेवलेलं. लग्न ठरायला उशीर लागला आणि पोतं तिथंच राहिलं. आजी हरिपूरच्या. मला म्हणतात, "आमच्या बापाच्या पेवात हळद वर्षानुवर्षं राहायची, कधी भोक पडलं न्हाय, आणि हे किडे म्हनं माझ्या हळदीचे?" खरं आहे त्यांचं. हरिपूरची पेवं म्हणजे जमिनीतले बंद खड्डे, आत हवाच उरत नाही म्हणून किडा जगत नाही. पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नाही, आधी कंदील सोडून बघतात. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं खराब झाली. पण पेव वेगळं आणि माळ्यावरचं गोणपाटाचं पोतं वेगळं, गोणपाटातनं किडा आत-बाहेर आरामात फिरतो. हे मी आजींना सांगत होतो, आजी मान हलवत होत्या, नाही अशी.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "दादा, आता सोडा, मी सोय केलीय." आणि गाडीच्या डिकीतनं अ‍ॅल्युमिनियमची नळी घेऊन आला. धान्यात टाकायच्या गोळ्या! कुठल्यातरी ओळखीच्या दुकानातनं आणल्या होत्या आणि रात्री जेवणं झाली की पोत्यात सोडून तोंड बांधणार होता. माळ्याखाली पलंग, पलंगावर त्याची बायको आणि बारकी पोरगी झोपतात.

माझा आवाज चढला, हे मान्य करतो. त्या गोळीला पाणी लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतनं साधारण 1 ग्रॅम फॉस्फिन गॅस सुटतो, तो हवेपेक्षा जड, गोणपाटातनं बाहेर येऊन सरळ खाली उतरणार. लसणासारखा वास येतो म्हणतात, पण त्या वासाच्या भरवशावर राहू नये, आणि हा गॅस अंगात गेला की त्याला उतारा नाही, डॉक्टर फक्त जगवायचा प्रयत्न करतात. हे औषध राहत्या घरासाठी नाहीच, साध्या गिऱ्हाइकाला विकायलाही बंदी आहे, तरी ते डिकीत येतं कसं हे दुकानदारालाच विचारायला पाहिजे. नळी उघडलेली नव्हती हे नशीब. ती मी ताब्यात घेतली, घराबाहेर कोरड्या जागी ठेवली आणि गोडाऊनला फ्युमिगेशन करणाऱ्या परवानाधारक माणसाकडं संध्याकाळी पोचती केली. मुलगा खाली मान घालून उभा, आणि आजी, ज्या इतका वेळ पोत्याला हात लावू देत नव्हत्या, त्याच म्हणाल्या, "काढ ते खाली."

पोतं काढताना घाई करायची नाही. वरच्या वर मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, तोंड आवळलं, मगच खाली घेतलं, नाहीतर अर्धे किडे खोलीतच उडाले असते. गच्चीवर नेऊन वर्तमानपत्रावर थोडी हळकुंडं ओतली. बाहेरनं ठीक दिसणारं एक हळकुंड घेतलं, टाचणीच्या टोकाएवढी भोकं, हातात दाबलं तर कट्टकन मोडलं आणि आत पोकळ, पिवळ्या पिठात वाकडी होऊन पडलेली पांढरी केसाळ अळी. आजींनी तीन-चार हळकुंडं स्वतः मोडून बघितली आणि काही बोलल्या नाहीत.

मग बाकीचं काम, सांगायला कंटाळवाणं पण खरं काम तेच. माळ्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात, फळ्यांच्या फटीत व्हॅक्यूम मारला, पिशवी लगेच बाहेर टाकली. धन्याचा तो डबा फेकून दिला. वर्षाची चटणी डंकावर कुटून आणायची म्हणून मिरच्या, धने, खोबरं सगळं आणून ठेवलेलं, ते नीट तपासून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायला लावलं, ते किडलं असतं तर काकू रडल्याच असत्या. औषध फक्त माळ्याच्या फटीत, जरासं, खाण्याच्या कपाटात एक थेंब नाही. पोत्यातली बरीच हळद गेली, पण बिनभोकाची वेगळी काढून पुतण्याच्या आइस्क्रीमच्या दुकानातल्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवायला सांगितली, उणे 18 डिग्रीला आतली अंडी-अळ्यापण मरतात.

बिल दिलं तर काका म्हणाले, "फवारलं तर काहीच न्हाय तुम्ही!" आता याला काय उत्तर देणार. आजोबा मात्र मध्येच म्हणाले, चुना माझा वापरला, तेवढं बिलातनं कमी करा. केलं कमी.

अजून पंधरा-वीस दिवस एखाददुसरा उडताना दिसेल, घाबरून मला फोन करू नका, असं सांगून निघालो होतो. तरी लग्नाच्या आधी काकूंचा फोन आलाच. म्हटलं परत किडे का? तर नाही, आजींच्या भावानं नवीन हळद पाठवलीय, कुठं ठेवायची म्हणून आजी विचारायल्यात. म्हटलं खडखडीत वाळलेली असेल तर स्टीलच्या पिंपात भरा, झाकणाला चिकटपट्टी मारा, आणि माळ्यावर नको. मागनं आजींचा आवाज ऐकू आला, "त्याला म्हणावं पेव खणायला जागा न्हाय इथं, म्हणून पिंप!"