रकाना नसलेली तक्रार

शाळेच्या जेवणघरात आम्ही नकाशे टांगले. राज्याच्या रेल्वे आराखड्यावर लोकांचं म्हणणं ऐकण्याची ही चौथी सभा. अमेरिकेत केंद्राचा रेल्वेसाठीचा काही निधी मिळवायचा तर २००८च्या कायद्यानुसार राज्याकडे असा आराखडा लागतो. मी सल्लागार कंपनीकडून आलेलो, हातात नकाशावर चिकटवायच्या टिकल्यांची पाकिटं. प्रवासी गाडी हवी तिथे हिरवी, मालवाहतुकीची अडचण तिथे निळी.

अर्ध्या तासात नकाशा हिरवागार झाला. प्रत्येकाला तेच सांगत होतो: रूळ मालगाडी कंपन्यांचे, ॲमट्रॅक, म्हणजे देशाची प्रवासी रेल्वे, बहुतेक ठिकाणी त्यावरून पाहुण्यासारखी धावते, आणि ७५० मैलांच्या आतली गाडी चालवायची तर खर्चाचा भार राज्यावर. लोक मान डोलवायचे आणि टिकली लावायचेच. मला ते आवडतं, खरं तर.

निळ्या मोजक्याच. धान्याच्या कोठारावरचा एक जण म्हणाला, त्याच्या शाखामार्गावरचा जुना पूल २,८६,००० पौंडांचा भरलेला डबा पेलत नाही, म्हणून डबे कमी भरून पाठवावे लागतात. ही अडचण आमच्या रकान्यात चपखल बसली.

मग स्कूलबस चालवणाऱ्या एक बाई आल्या. "माझी कुठली टिकली?" म्हणत त्यांनी टेबलावर एक वही ठेवली. कोपरे दुमडलेली, आत पेन्सिलीच्या नोंदी. तारीख, गाडी उभी राहिली ती वेळ, हलली ती वेळ, बसमधली मुलं. '७:०६ ते ७:४८. मुलं १९.' खाली, '७:११ ते ७:३५. मुलं २२.' एका ओळीपुढे फक्त 'थंडी'.

"रूळ रिकामे असले तरी मी फाटकाशी बस थांबवते, दार उघडते, कान देऊन ऐकते. नियमच आहे. पण गाडीच आडवी उभी असेल तर ऐकायचं काय? परवा एका पोराने विचारलं, डब्यांखालून जाऊ का?"

आमच्या तक्त्यात त्या फाटकापुढे एकच आकडा होता, दिवसाला ६ गाड्या. धावणाऱ्या गाड्या आम्ही मोजल्या होत्या. उभ्या गाडीला रकानाच नव्हता! त्यात मालगाडीने फाटक किती वेळ अडवावं यावर केंद्राची मर्यादा नाही, आणि राज्यांनी घातलेल्या मर्यादा न्यायालयात टिकलेल्या नाहीत. ओहायो राज्याचं अशाच मर्यादेसाठीचं अपील सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ऐकायलाच नकार दिला. दंड करता येणार नाही, हे बाईंना सांगताना माझा आवाज उगाचच कार्यालयीन झाला.

"दंड कोण मागतंय? पूल बांधा."

माझ्या सोबतचा सहकारी पूर्वी रेल्वेत होता. वही चाळताना तो थबकला. सगळ्या नोंदी सात ते आठच्या. पुढच्या यार्डात जागा होईपर्यंत गाडी बाहेर रोखतात आणि लांबी दोन मैलांवर गेली की शेपूट फाटकावर येतं, असा त्याचा तर्क. तसं असेल तर यार्डातली एक मार्गिका वाढवणं हाही उपाय होता, पुलापेक्षा बहुधा स्वस्त. आणि पूलच लागला तर फाटकं हटवण्यासाठी २०२१च्या कायद्यातला वेगळा निधी आहे; त्याच्या अर्जाला असाच पुरावा लागतो.

मी पानापानाचे फोटो काढले. टिकली न लावता नकाशावर त्या जागी पेनाने फुली मारली. वही ठेवून जाता का, असं विचारलं तर बाईंनी ती उचलून पर्समध्ये टाकली. सकाळी फेरी होती.