होम लोनची चौकशी

आजचा दिवस होम लोनच्या चौकशीत गेला. व्याजदर सगळ्यांना तोंडपाठ. प्रोसेसिंग फी, लीगल फी विचारली की 'ते नंतर बघू'. एका ठिकाणी तर विम्याचा फॉर्म आधीच भरून ठेवलेला, फक्त माझी सही बाकी. नको म्हटल्यावर साहेबांचा चेहराच पडला!

दुसरीकडच्या मॅडमनी मात्र न मागता हप्त्यांचा तक्ता काढून दिला. २० वर्षं, ९ टक्के : पहिल्या हप्त्यातले सुमारे ८३ टक्के व्याजातच, मुद्दल कुठेतरी कोपऱ्यात. पोटात गोळा आला, पण निदान कळलं तरी. दर त्यांचा जरा जास्त आहे, तरी माझा कल तिकडेच. फ्लोटिंग (म्हणजे मध्येच बदलू शकणारा) दर वाढला तर हप्ता वाढणार की मुदत, एवढं लेखी घ्यायचंय.