लिव्हरमध्ये पोचलंय ते कोण?

मंगळवार, रात्री

उजव्या बाजूचं मोठं आतडं काढलेल्या पेशंटच्या स्लाइड्स आज हातात आल्या. वय साठीच्या आसपास. आतडं बंद पडलं म्हणून तातडीनं ऑपरेशन झालेलं, लिव्हरमधल्या गाठी सीटीत दिसलेल्याच होत्या. त्याआधीच्या कोलोनोस्कोपीच्या बायॉप्सीत साधा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथी बनवणारा नेहमीचा कॅन्सर, निघाला होता, आणि तो रिपोर्ट चूक नव्हता. चिमट्यात येतो तो वरचा तुकडा, खालच्या थरात काय आहे ते त्यावरून कसं कळणार?

पहिल्या स्लाइड्सवर नेहमीच्याच वेड्यावाकड्या ग्रंथी. मग भिंतीत खोलवर गेल्यावर त्या संपल्या आणि पेशींचे नुसते भरीव पुंजके लागले. ग्रंथी नाहीत, म्यूसिन (ग्रंथींतला चिकट स्राव) नाही, मधोमध मेलेला भाग आणि जिकडे बघावं तिकडे पेशीविभाजन. ‘पुअरली डिफरन्शिएटेड’, म्हणजे मूळ रूप हरवलेला, एवढंच लिहून मोकळं होता आलं असतं. आयएचसी, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगानं दाखवणारी तपासणी, लावायला सांगितली.

गुरुवार

सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन, न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या, मज्जापेशींसारख्या) पेशींच्या या दोन्ही खुणा पुंजक्यांत तपकिरी, ग्रंथी कोऱ्या. केआय-६७, म्हणजे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींचं प्रमाण, ८० टक्क्यांच्या वर. म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमाला खेटूनच न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा. मिनेन, म्हणजे दोन्हींचं मिश्रण असलेली गाठ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात यासाठी दोन्ही घटक किमान ३० टक्के हवेत. इथे जवळपास निम्मे-निम्मे, त्यामुळे प्रश्न आला नाही. पण ही रेघ मला पटत नाही. २० टक्के असलेला न्यूरोएंडोक्राइन भाग काय गप्प बसून राहतो? तो कमी दिसला तरी मी टक्केवारीसकट रिपोर्टात घालते. लांबलचक रिपोर्टाबद्दल सर्जन कुरकुरतात, कुरकुरू देत.

दुपारी पेशंटची मुलगी काउंटरवर आली. “मॅडम, बाबांना दोन कॅन्सर झालेत का?” म्हटलं, नाही गं, एकाच बुंध्याला फुटलेल्या दोन फांद्या समज. जनुकीय तपासण्यांत दोन्ही भागांत बहुतेकदा सारखेच मूळ बिघाड सापडतात, हे काउंटरवर उभ्या-उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. तिनं मान हलवली आणि विचारलं, “मग औषध कुठल्या फांदीचं देणार?”

प्रश्न अगदी हाच आहे. ग्रंथीवाला भाग पसरला असेल तर फॉल्फॉक्ससारखी आतड्याच्या कॅन्सरची केमो, दुसरा पसरला असेल तर कार्बोप्लॅटिन-इटोपोसाइड. ऑपरेशनच्या नमुन्यातल्या लिम्फ नोड्समध्ये दोन्ही सापडलेत, त्यावरून काहीच ठरत नाही. ऑन्कॉलॉजिस्टना फोन करून लिव्हरची बायॉप्सी मागितली. नमुना इतका मोठा हातात असताना आणखी सुई कशाला, असं त्यांना आधी वाटलं. मग पटलं.

सोमवार

लिव्हरच्या तुकड्यांत एकही ग्रंथी नाही. सगळे पुंजके, सगळे सिनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह. सुई एकाच गाठीत गेली होती, शेजारच्या गाठीत ग्रंथी असतीलही. हे रिपोर्टात लिहिलं आणि फोनवरही सांगितलं. कार्बोप्लॅटिन-इटोपोसाइडनं सुरुवात करायची ठरली. हा भाग केमोला बरेचदा पटकन दाद देतो आणि तितक्याच पटकन परत उठतो, हे आम्ही दोघांनीही बोलायचं टाळलं.

एमएमआरचे, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांचे, चार स्टेन उद्या येतील. त्यातलं एखादं प्रथिन गायब निघालं तर इम्युनोथेरपीचाही विचार करता येईल. मुलीला उद्या संध्याकाळी फोन करायला सांगितलंय.